शेऱ्याचा रकाना

जानोरी फाट्याला पहाटे तीनला उतरले तेव्हा
द्राक्षबागांमधून शेकोट्या पेटल्या होत्या.
घडांना थंडी बाधू नये म्हणून
कुणीतरी ओला पाला जाळत जागत होतं.
प्लांटच्या फाटकाशी मात्र ट्रक उघड्या वाऱ्यात,
ताडपत्री घडी घालून केबिनच्या मागे.
एका क्रेटमध्ये बारा पक्षी असायला हवेत.
मी टॉर्च मारून मोजले. पंधरा.

तपासणी तक्त्यात सगळ्याला जागा आहे :
वाटेत मेलेले. थांबण्याचा वेळ. पाणी दिले, होय किंवा नाही.
विजेचा दाब. सुरीची धार.
आणि अगदी शेवटी शेरा,
दोन बोटं रुंद.

सुपरवायझर तिडके शाल पांघरून आले.
चहा घ्या आधी, मॅडम,
तुमच्या आधीचे डॉक्टर ऑफिसातच सही करायचे,
कशाला वासात येता.
मी गमबूट मागितले.
दोन नंबर मोठे मिळाले.

आत निळा दिवा.
निळ्या उजेडात कोंबडीला फारसं दिसत नाही,
म्हणून ती गप्प राहते,
हे पाठ करून मी परीक्षा पास झालेली.
माणसंही गप्प होती.
आकड्यांना उलटे टांगलेले पाय,
छातीला टेकत सरकणारी रबरी पट्टी, पक्ष्याला धीर यावा म्हणून
(एवढ्या लोखंडात दयेची ही एक वस्तू,
तीही तीन ठिकाणी फाटलेली),
मग टाकी, पाण्यात वीज.
काटा बरोबर हिरव्या पट्ट्यात,
जराही न हलणारा.

न हलणारा काटा मला आवडत नाही.

यंत्राच्या सुरीपलीकडे, कढत पाण्याच्या अलीकडे,
एक माणूस उभा असतो.
सुरीतून सुटलेल्यांना गाठणं हे त्याचं काम.
येसू भोये, पेठकडचा.
माझ्याकडे न बघताच त्याने ॲप्रनच्या खिशात हात घातला
आणि माझ्या तळव्यावर मक्याचे दाणे ओतले.
"ह्ये आज रातचे. जागे आलेले."
एकेचाळीस. थोडे ओले.
"आन् काटा?"
"काटा दिवाळीपासून तिथंच हाय."

मी एका डोळ्याजवळ बोट नेलं.
पापणी मिटली.

लाल बटण दाबलं. साखळी थांबली,
आणि इतका वेळ तिच्या खडखडाटाखाली
जे दबून होतं ते ऐकू आलं.

एकोणीस मिनिटं.
तिडके फोनवर साहेब साहेब करत राहिले.
माकडटोपीतला इलेक्ट्रिशियन झोपेतून आला,
त्याने काचेवर टिचकी मारली,
काटा धपकन शून्यावर पडला.

दाणे लिहायचे कुठे?
दोन बोटांच्या रकान्यात मी ४१ लिहिलं. सही केली.
घरी जाऊन दोनदा आंघोळ केली.
आमच्याकडे रविवारी रस्सा असतो. मी खाते.
कुणी विचारलं नाही तरी सांगून टाकते.

मार्चात परत गेले.
अर्ध्या बागांची काढणी उरकली होती.
ट्रकवर ताडपत्री चापून ताणलेली, आता थंडी नसताना.
रबरी पट्टी नवी, मीटर नवा,
काट्याऐवजी लाल आकडे, थरथरणारे.
तिडक्यांनी वही पुढे केली.
जागे आलेले : शून्य. शून्य. शून्य.
पानं उलटली, तिथेही तेच, एकाच शाईचं, एकाच बैठकीतलं.
येसूच्या जागी एक कोवळा पोरगा, नजर माझ्या बुटांवर.

"भोये कुठे?"
"क्रेट धुवायला टाकलाय.
गार पाण्यात बरे चालतात हात त्याचे."

पोराला म्हटलं, जरा सरक.
येसूच्या जागेवर उभी राहिले, त्याच मोठ्या बुटांत.
बाहेर क्रेटवर पाणी आदळत होतं.
खिसा चाचपला : बसचं तिकीट, पेनाचं टोपण.
साखळी सुरू झाली.

बराच वेळ काहीच नाही.

मग मी टोपण
या खिशातून
त्या खिशात टाकलं.