आठातले पाच

कंपनीच्या मेलमध्ये आठ पत्ते आले.
पहिला कुणाचाच नसतो,
शेवटला सगळ्यांचा,
एक त्यांच्याच राउटरनं आधी धरून ठेवलेला.
उरले पाच.
जिनिंगच्या शेठला वाटतं, पैसे आठाचे मोजले.
मी समजावत बसले नाही.

वडनेरच्या अलीकडे, हायवे सोडून आत,
सरकीच्या ढिगामागं ऑफिस.
फायरवॉलच्या जाळीत रुई अडकलेली,
ती आधी बोटानं काढली, मग केबल लावली.
आत सगळे एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट:
वजनकाट्याचा कॉम्प्युटर, चार कॅमेरे,
प्रिंटर, शेठच्या पोराचा फोन.
हेच आकडे देवळीतही, पुलगावातही, माझ्या घरीही.
दर गावात एक नाल्याकाठचं वावर असतंच,
गावाबाहेर कुणाला सांगून उपयोग नाही.

बाहेर जाताना सगळ्यांना मिळून एकच पत्ता दिला,
बेचाळीस, फायरवॉलचा स्वतःचा.
काट्याला मात्र वेगळा, त्रेचाळीस;
कोइमतूरच्या व्यापाऱ्याला वजन तिथं बसून दिसलं पाहिजे.
नियम लिहिला: त्रेचाळीसवर येईल ते आत दहाकडे.
सेव्ह केलं.
काहीच आलं नाही.

साडेबारा वाजले.
बाहेरून हाक येत होती, पडद्यावर ओळीमागून ओळ:
त्रेचाळीस कोण? त्रेचाळीस कोण?
काट्याला आपला बाहेरचा नंबर ठाऊकच नाही,
आणि फायरवॉल म्हणे, मी तर बेचाळीस.

कवडू मडावी चहा घेऊन आला, कानाला मफलर.
काय अडलं ते सांगितलं, जमेल तसं.
"मंग फाटकावरच्यानं हाव म्हनाव ना.
शेठ हायेत का, कोनी इचारलं त मीच हाव म्हन्तो.
शेठले कायले उठवू?"

तेच राहिलं होतं. एक खूण:
या पाचांपैकी कुणालाही हाक आली, तर ओ तू द्यायची.

वायफाय बंद करून मोबाइलवर पाहिलं.
एकोणतीस क्विंटल चाळीस.
काट्यावरच झोपलेला एक पिकअप,
ड्रायव्हरसकट.

"आतलं नाव बाहेर दिसते का मंग?"
नाही, म्हटलं.
तो स्टुलावर बसला. चहाला साय आली.
"माह्या आंधीचे तीन गेले.
मायनं मले शेजारनीले एका कवडीत इकलं, अन् वापस घेतलं.
मरन दारात आलं, त सांगतलं, इथं कवडू राह्यते."
आणि आत?
"आत येगळं हाये."
एवढंच. मग कप उचलून गेला.

निघताना फाटकावर त्यानं रजिस्टर भरलं:
नेटवाल्या म्याडम, एक. बाहेर, २.१०.
मी दुरुस्त केलं नाही.
स्कूटी चालू होत नव्हती,
तोवर टॉर्च धरून उभा होता.