चादरीची घडी

घंटेला आता आम्ही फडकं बांधलंय.
चंदूमामा म्हणाले, बाई, शाळा सुटलेली कळायची कशी?
कळते. पोरांना कळतेच.

जूनमध्ये वर्षिणी गज्जम
कान दाबून बाकाखाली बसायची.
मी नाव घ्यायचे, मोठ्यानं, आणखी मोठ्यानं,
जणू ती लांब राहत होती.

मग भिंतीवर चित्रं लावली:
दप्तर. पाटी. खिचडी. नळ. घर.
एक काम संपलं की ती स्वतः चित्र उलटं करते.
एका गुरुवारी खिचडीऐवजी केळी आली
आणि केळ्याचं चित्र नव्हतं माझ्याकडे.
ती दुपार मी अजून विसरले नाही.

तिच्या वडिलांनी कारखान्यातून आणली
काठाला दोष राहिलेली चादर.
तेलुगू वळणाच्या मराठीत म्हणाले,
"घडी मांडीवर ठिवा. वजन लागतंय तिला, निवते."
तीन दिवसांच्या प्रशिक्षणात
इतकं सरळ कुणी सांगितलं नव्हतं.

आता चादरीखाली पाय शांत,
बोटं मात्र बाकावर:
खट खट, खट. खट खट, खट.
मी आधी म्हणायचे, हाताची घडी.

परवा साताच्या पाढ्यात वर्ग अडखळला, नेहमीसारखा,
तेव्हा शेजारच्या मुदस्सरनं तिचा ठेका उचलला.
सात दुणे चौदा, खट.
सात त्रिक एकवीस, खट.

ती कुणाकडेच बघत नव्हती.
खिडकीबाहेर नीलम नगरचे माग चालूच होते.
सात नव्वे...
कुणी बासष्ट म्हणालं, कुणी चौसष्ट.
तिची बोटं थांबली.
आम्ही बरोबर म्हणेपर्यंत
थांबलेलीच.