तळवे

सावद्याच्या ठिय्यावर पहाटेचे चार.
सातपुड्याकडून वारा यायचा
आणि ताडपत्रीची कड उचलून
आतले घड मोजून जायचा.
मी सोळा वर्षांचा,
रुबाब तडवीच्या गाडीवर क्लीनर.

दोर ताणायचे, टायरला टॉमी हाणून आवाज ऐकायचा,
हातपंप मारून डिझेल वर ओढायचं,
आणि पोष लागला की
घमेल्यात पऱ्हाट्या पेटवून
चेंबरखाली सरकवायच्या.
"जाळ नको, निखारा कर," तो म्हणायचा,
"तेल पातळ व्हायला पाह्यजे. गाडी नाही भाजायची आपल्याला."

राखेत एक वांगं मी आधीच पुरलेलं असायचं.

पण घमेलं गाडीखाली जाण्याआधी
रुबाब बूट काढायचा, मोजे काढायचा,
आणि दोन्ही तळवे निखाऱ्यावर धरून
बसून राहायचा निवांत.
तिकडे फेगडे मुनीम कानटोपीतून ओरडतोय,
"चरका बसंल केळीले! भाव कोण कापून घेईन, तू?"
रुबाब बोटं पसरतोय, मिटतोय.
मला वाटायचं, आळशी आहे माणूस.

मग एकदा खरंच उशीर झाला.
मुनीमानं घमेलं स्वतःच लाथेनं आत ढकललं.
रुबाब तसाच वर चढला, अनवाणी, गार.
सेल्फ मारला. घर्र. घर्र. थांबला.
पुन्हा मारला. पांढरा धूर, एक उचकी,
आणि इंजिन लागलं.

लागलं, तरी त्यानं चावी सोडली नाही.
दातावर दात. कर्रर्र.
हमाल वळून बघायला लागले,
रस्त्यापलीकडचं कुत्रं उठलं,
सगळ्या ठिय्याला ऐकू जात होतं.
मी फुटबोर्डवर उडी मारून
त्याचं मनगट धरलं.

बऱ्हाणपूरपर्यंत तो बोलला नाही.
चहाच्या टपरीवर, ग्लास दोन्ही हातांत धरून:
"बावीस वर्षं झाली भो इंजिनाशेजारी.
आधी बारीक आवाज गेले. चिमण्या, पोरीचं रडणं.
मंग जाडे. हे पाय तेवढे ऐकतात.
गारठ्यात त्येही बहिरे."

मी कुणाला सांगितलं नाही. मुनीमाला तर नाहीच.
दुसऱ्या पहाटेपासून
बॉनेटसमोर उभा राहायला लागलो.
इंजिन लागलं की हात वर.
तो काचेतून हात बघायचा, चावी सोडायचा.
कर्रर्र पुन्हा कधी झालं नाही.

तरी पाय शेकायचाच.
माझ्या हातावर भरवसा नव्हता असं नाही.
त्याला स्वतः ऐकायचं होतं.

आता माझ्या गाडीत
चावी फिरवली की पडद्यावर हिरवा ठिपका येतो,
ती गारठ्याला विचारतही नाही.
कंपनीचा पोरगा म्हणाला, काका,
वॉर्मअप वगैरे जुन्या गोष्टी.
असतील.

मला आठवतं ते इंजिन लागल्यानंतरचं.
हवेचा काटा शून्यावरून
चढायचा तोवर ब्रेक सुटत नसत,
मुनीमाचा बापही गाडी हलवू शकत नसे.
तेवढी दहा मिनिटं आमची.
मी राख झटकून वांगं वर द्यायचो,
तो स्टेअरिंगवर भाकर ठेवून सोलायचा,
अनवाणी पाय पत्र्यावर टेकलेले,
डोळे अर्धे मिटलेले,
आणि मधेच, इंजिनापेक्षा मोठ्यानं,
कारण आपला आवाज केवढा हे त्याला कळायचं नाही,
"पोऱ्या, मीठ इसरला तू!"