वरची बाजू

धुळ्याच्या कॉलेजात एकतीस वर्षं मी दगड कापले.
हिऱ्याचं पातं, पाण्याची धार, आणि घासत घासत
काचेवर उरे तो पापुद्रा,
ज्यातून खालचं वर्तमानपत्र वाचता येई.

शिंदखेड्याच्या पुढे, बुराईच्या अंगाला
एक टेकडी आहे, सपाट डोक्याची.
भोवती सगळा काळा दगड, आणि माथ्यावर तेवढी
साय धरावी तशी गारेची कवची,
हातोडा मारला की वाजणारी.

गिरासे सर म्हणत, हे वरून उतरलं.
पावसाने मातीतली गार विरघळवली, हातभर खाली नेली,
उन्हाने तिथेच वाळवली. असे लाखो उन्हाळे.

कुमुद भामरे मॅडम म्हणत, खालून आलं.
इथे नदी होती. वाळूच्या पोटातल्या पाण्याने
वाळू सांधली. मग काठ झिजले, दोन्हीकडचे,
आणि पात्र तेवढं उंच राहिलं.
"आपण नदीच्या तळावर उभे आहोत," त्या म्हणाल्या,
आणि मी नकळत पायजमा वर ओढला.

मेंढ्या घेऊन एक ठेलारीण ऐकत होती.
"वरथून उना का खालथून उना,
पाय ते तोच फाडस भो."
सरांनी तेही वहीत उतरवलं.

सगळं अडलं सतरा नंबरवर.
त्याच्या एका टोकाला गार काचेसारखी घट्ट,
दुसऱ्या टोकाला बोटाने सुटणारी वाळू.
घट्ट टोक वरचं, तर सर बरोबर.
खालचं, तर मॅडम.
टेकडीवर मॅडमनी लाल पेन्सिलीने बाण काढला होता,
आकाशाकडे.
तो माझ्या पाण्यात धुऊन गेला.
कोणी पाहिलं नाही. मी नवा काढला, आठवेल तसा.
खरं तर आठवत नव्हतं.

सरांचा निबंध त्या बाणावर छापून आला.
मॅडम म्हणाल्या, "एका तुकड्याने काय होतं,"
आणि भर मे महिन्यात परत टेकडीवर गेल्या, एकट्या.

आता सर नाहीत.
सतरा नंबर माझ्या घरी, वाऱ्याने दार आपटू नये म्हणून.
नातू कसाही लावतो; बाण कधी फरशीकडे,
कधी पंख्याकडे.

परवा नाशिकहून मॅडमचा फोन.
"दोन्ही झालं असेल रे, पाळीपाळीने.
पहिलं कुठलं, तेवढंच राहिलंय.
तो तुकडा आहे का तुझ्याकडे? बाण बघून सांग."

थांबा, म्हटलं, चष्मा शोधतो.