वळसा

लामारा आमच्या थेस्सालोनिकीच्या घरी आली तेव्हा
तिच्याकडे दोन बॅगा होत्या
आणि ग्रीक शब्द, फार तर, साठ.
त्यात गाळणी नव्हती.
"चमचा," ती म्हणाली, "मोठा. भोकं पुष्कळ.
पाणी जातं, शेवया राहतात."
शब्दाला हात पोचला नाही की ती अशी
घराला वळसा घालून मागच्या दाराने शिरायची.

निसरडी फरशी म्हणजे "पाय पळवणारी".
औषधवाल्याला तिने सांगितलं,
"म्हातारा एकटा. बायको वर,"
आणि वरच्या मजल्यावरची किरिया आन्थी
आठवडाभर उगाच बदनाम.

कधी वळसाही सापडायचा नाही.
खिडकी लावू की असू दे? विचारलं, तर "ने".
आमच्यात "ने" म्हणजे होकार.
कशाला होकार,
ते ती माझा चेहरा बघून ठरवायची.
फोन वाजला की मात्र तिला नेमकी भांडी आठवायची.
फोनला कुठला चेहरा?

तिची मामा रेल्वेचं इंजिन चालवायची
असं मी महिनाभर धरून चालले,
कौतुकही केलं त्या बाईचं.
मग तिने फोटो दाखवला. भरघोस मिशा.
जॉर्जियन लोक बापाला मामा म्हणतात.

फेब्रुवारीत बाबांच्या मेंदूत काहीतरी तुटलं.
चाळीस वर्षं व्याकरण शिकवलेला माणूस,
जेवता जेवता तिच्या विभक्त्या सुधारणारा.
चष्मा मागायला गेले, जिभेवर खुर्ची आली.
मी घाईघाईने शब्द पुरवायचे:
पेपर? गोळी? पाणी?
ते डोळे मिटून घ्यायचे.

लामाराने मला खांद्याला धरून बाजूला केलं.
"थांब तू. शब्द नाही, तर नाही."
मग त्यांच्यासमोर उकिडवी बसली:
"रंग काय? कशाला लागतं? हाताने करा."

बाबा बराच वेळ टेबलक्लॉथ चाचपत राहिले.
"पिवळं," म्हणाले.
पुढे काहीच नाही.
मग तोंड असं काही वाकडं केलं,
डोळे बारीक, गाल आत,
की तिचंही तोंड तसंच झालं
आणि माझ्या दाढांतून कळ गेली.

लिंबू नव्हतं घरात.
लामारा वर गेली, किरिया आन्थीकडे.
दारात काय बोलली कोण जाणे,
दोन घेऊन आली.