फळी

पिएलिनेन सरोवरावर हिवाळ्यात गाड्यांचा रस्ता खुला होतो.
त्याआधी कुणीतरी चालून बघावं लागतं.
तेवीस हिवाळे ते कुणीतरी म्हणजे
औने कार्पिनेन.
हातात लोखंडी पहार, कमरेला दोर,
दोराच्या दुसऱ्या टोकाला नवरा.
"तसा जड होता," ती म्हणते, "कामाचा होता."

आता वय एक्क्याऐंशी,
आणि चिठ्ठी घेऊन ती माझ्या खोलीत, योएन्सूला.
चिठ्ठी गावात आलेल्या व्हॅनमधली.
तिथे तिची टाच यंत्राच्या खोबणीत ठेवली,
दोन्ही अंगांना गार जेल,
आवाज एका बाजूने आत गेला,
दुसऱ्या बाजूने आला, किती वेगाने, किती विझून,
तेवढं टिपलं.

"हे मला कळतं," औने म्हणाली.
"मी पहार आपटायचे आणि ऐकायचे.
धड बर्फ ठण्णकन बोलतो,
पोकळ बर्फ तोंडातल्या तोंडात."

चिठ्ठीवर एकच शब्द होता: शंका.
टाचेला तेवढाच अधिकार आहे.
निकाल लागतो माझ्या टेबलावर.

पाय उंच ठोकळ्यावर. हलू नका.
दोन ताकदींचे किरण शरीरातून जातात,
मांस दोघांना वेगळं अडवतं, हाड वेगळं,
आणि जी वजाबाकी उरते
तिला आम्ही घनता म्हणतो.
मग यंत्र औनेला उभं करतं
तिशीतल्या एका बाईशेजारी,
जी कुणीच नाही, सरासरी आहे.

"तिशीत मी सात महिन्यांची पोटुशी,
बर्फावर होते," औने म्हणाली.
"तिला विचारा, ती कुठे होती."

खुबा: उणे दोन पूर्णांक तीन.
कंबर: उणे एक पूर्णांक एक.
उणे अडीचला आजार म्हणतात.
म्हणजे काठावर पास.

पण मी सतरा वर्षं सावल्या वाचते.
सपाट सावलीत सगळं एकावर एक येतं:
झिजलेल्या मणक्यांना फुटलेले हाडांचे कोंब,
पुढच्या रक्तवाहिनीत बसलेला चुना,
सगळ्यांचं वजन बिचाऱ्या मणक्याच्या खात्यावर जमा.
दिसतं तसं नसतं.

मी चित्र तिच्याकडे वळवलं.
ती बराच वेळ बघत राहिली.
"बर्फावर हिम साचून गोठलं," म्हणाली,
"की मापात जाडी भरते.
ट्रॅक्टर मात्र खाली जातो."

डॉक्टर सोर्साला हे मी इतकं नीट सांगू शकले नसते.
त्याने सीटी लिहून दिला.

खाली गोल यंत्र. पाठीखाली एक पट्टी,
जिची घनता आम्हाला आधीच ठाऊक,
सोनार पारड्यात वजन ठेवतो तशी.
किरण इथे जास्त, मी बजावलं.
"उरलेत किती हिवाळे,
की काटकसर करू?"

सीटीला सावलीत रस नाही.
मणक्याच्या कवचाच्या आत शिरून
फक्त जाळी मोजायची, घनफळात.
एकाहत्तर. ऐंशीच्या खाली.
एवढ्यात निकाल लागला होता,
पण मी चित्र आडवं फिरवलं, सवयीने,
आणि बारावा मणका
पुढून दबलेला दिसला, पाचरीसारखा.
जुना.

"कधी पडलात?"
"मी पडत नाही."
"पाठ दुखली असेल."
"पाठ दुखतेच की."

तिने कोट घातला, बटणं लावता लावता थांबली.

"कॉफीचा डबा," म्हणाली.
"वरच्या फळीवर. दोन वर्षं हाताला लागत नाही.
मला वाटलं, सुनेने फळी वर सरकवली.
मुद्दाम.
दोन वर्षं मी तिच्याशी धड बोलले नाही."

तीन यंत्रं,
आवाज, सावली आणि आरपार,
आणि त्यांच्याआधी कधीतरी
ती फळी.

कॉरिडॉरमध्ये तिने फोन लावला.
मी दार लावून घ्यायला हवं होतं.

"मिर्वा? मी. औने.
नाही, काही झालं नाही.
फळी जागेवरच आहे."

पलीकडे बहुधा कुणालाच काही कळलं नाही.
ती फोन कानाला लावून तशीच उभी राहिली,
ऐकत.