भेरूघाट, तिसऱ्या गिअरमध्ये

चेनकप्पीला लटकून जुनं इंजिन बाहेर आलं,
काकवीसारखं तेल ठिबकत.
इद्रीस उस्ताद म्हणाले, "भाभी, जान थी इसमें,
कम्प्रेशन नहीं था."
नीलकंठ काही बोलला नाही.
एका हाताने त्याचं गरगरणं थांबवलं फक्त,
झोपाळ्यावरचं पोर थांबवावं तसं.

ट्रान्सपोर्ट नगरची दुपार.
मॅटाडोरच्या दोन सीटांमध्ये आता खड्डा,
त्यातून खालची जमीन दिसते:
वायसर, गुटख्याच्या पुड्या, एक मांजर.
सव्वीस वर्षं इथे झाकणाखाली आमची भट्टी होती.
तिच्यावर थर्मास ठेवला,
ओले मोजे वाळवले,
एकदा मांडवहून येताना दशम्या गरम केल्या;
त्यांना डिझेलचा वास लागला
आणि आम्ही तरी खाल्ल्या.

मागे प्लायवूडचा पलंग, शेगडी,
जुन्या लुगड्याचे पडदे.
हल्ली पोरं कॅम्पर म्हणतात.
रामबागेत नाव होतं पागनीसांचं बिऱ्हाड.
"निघालं बिऱ्हाड," म्हणायचे
आणि निघेपर्यंत धक्का मारायलाही यायचे.

नवं इंजिन देवास नाक्याच्या भंगारातलं,
उलटलेल्या रुग्णवाहिकेचं, टर्बोवालं.
"जपून," उस्ताद म्हणाले, "याला घाईची सवय आहे."
पण घाई कुठली?
माउंटिंग जुळेनात, चारांतलं एकच भोक बसलं.
सियागंजात हकीमुद्दीनभाईंनी बारा मिलीची प्लेट दिली,
लेथवाल्याच्या घरी लग्न निघालं,
रेडिएटर मावेना म्हणून जाळी कापली.
आज-उद्या करत तीन आठवडे गेले.
मी रोज डबा नेला, उस्तादांच्या पोऱ्यालाही.
त्याला मेथीचं वरण आवडायचं.

आरटीओतला बाबू चष्म्यावरून म्हणाला,
"चेसिस नंबर पुराना, इंजन नंबर नया.
मालिक वही?"
"वही," आम्ही दोघं एकदम म्हणालो.
त्याने कुणाकडेच न बघता शिक्का मारला.

मग मोरटक्क्यापर्यंत उतरून परत.
चढावर खरी परीक्षा.
जुनं इंजिन भेरूघाटात दुसऱ्यातून पहिल्यात यायचं,
वळणावर उकळायचं,
मी कॅन घेऊन उतरायची, दगड लावायची चाकाला.
वर पोचेपर्यंत आमची भाषा नऊ शब्दांची:
डावीकडे. पाणी. ट्रक. चहा?
थांब. झालं. चल. काय?
काही नाही.
सगळं ओरडून.

या वेळी तिसरा गिअर सुटलाच नाही.
काटा मधोमध. खिडकीतून
पानांचा आवाज आत आला
आणि आम्हाला अवघडल्यासारखं झालं,
पाहुण्यांसमोर बसल्यासारखं.

म्हणून मी बोलले, साध्या आवाजात:
"सत्याण्णव साली माझी बडोद्याला बढती आली होती.
मी नाही म्हणून कळवलं.
तुला सांगितलं नाही."

"काय?" तो म्हणाला. "चहा?"

त्याचा डावा कान इंजिनच्या बाजूचा,
म्हणजे माझ्याही.
माझा उजवा कान तसाच, त्याच्या बाजूचा.
सव्वीस वर्षं आम्ही नेमके तेच दोन कान
झिजवत आणले होते.
आवाज भंगारात गेला,
कान कुठे बदलतात विचारायला हवं होतं सियागंजात.

घाटमाथ्यावर, टपरीच्या अलीकडे,
मी म्हटलं, "उतर. मी चालवते."
हे मात्र त्याला ऐकू गेलं.
"स्टिअरिंग जड आहे."
"माहीत आहे."

तो गाडीला वळसा घालून आला,
जाताना नव्या जाळीवर उगाच हात फिरवला,
आणि माझ्या सीटवर बसला,
पाय कुठे ठेवावेत ते न कळून.
त्याचा चांगला कान आता माझ्याकडे.
माझा त्याच्याकडे.

"बडोद्याचं काय म्हणालीस?"

म्हणजे अर्धं ऐकलं होतं मेल्याने.
मी आधी आरसा माझ्या उंचीला आणला.
मग क्लच दाबला.